न हललेल्या कोंबड्याचे स्थलांतर

ज्या वस्तूचे तेज उघड्या डोळ्यांना दिसते, तिच्या तेजाचा निर्णय डोळ्यांवर सोपवणे कोणत्याही सुव्यवस्थित समाजाला परवडत नाही. हे तत्त्व उत्तर स्पेनमधल्या कुरुएन्यो नदीच्या खोऱ्याला फार पूर्वीच उमगले. तेथे कोंबडे अंड्यांसाठी पाळत नाहीत (ते त्यांना जमतही नाही), रश्श्यासाठीही पाळत नाहीत, पिसांसाठी पाळतात. ही झळाळती पिसे गळाला गुंडाळून खोटी माशी करायची आणि त्या माशीने खरा मासा फसवायचा, असा हा पिढीजात उद्योग आहे. चंद्र क्षीण होत असता पिसे उपटावीत, बारा-बारांच्या जुड्या बांधाव्यात आणि कोंबड्यास खोऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. गेल्यास पिसांचे तेज लोपते. याला पुरावा मागणारा मनुष्य खोऱ्याबाहेरचा समजला जातो.

अडुसष्ट वर्षांचे एउतिकियो हे या परंपरेचे निष्ठावंत उपासक. गावच्या कारंज्याच्या शिळेवर, उत्तम पिसांचे धनी म्हणून, त्यांच्या आजोबांचे आणि वडिलांचे नाव कोरलेले होते. शिळेवर आता एकाच नावापुरती जागा उरली होती आणि ती भरण्याची योग्यता एउतिकियोंच्या ‘कार्डिनल’ नामक करड्या कोंबड्याच्या ठायी अखेर प्रकट झाली होती. सोमवारी पिसे-परीक्षण मंडळाचे अध्यक्ष बेलार्मिनो यांनी त्याची पिसे उन्हात धरली आणि त्यांचे डोळे पाणावले. (अध्यक्षांच्या डोळ्यांना बारमाही पाणी असते, परंतु त्या दिवशी ते अधिक होते, अशी इतिवृत्तात नोंद आहे.)

मंगळवारी दुधाच्या एका ट्रकने ‘कुरुएन्यो खोरे येथून सुरू’ ही पाटी पाडली. मजुरांनी ती जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा रोवली. मात्र मूळ जागी खडक लागल्यामुळे चाळीस पावले आत रोवली. त्यामुळे एउतिकियोंचे खुराडे खोऱ्याबाहेर गेले. कार्डिनल त्या वेळी झोपलेला होता.

बुधवारी मंडळ तातडीने खुराड्यापाशी आले. अध्यक्षांनी तीच पिसे उन्हात धरली. डोळे कोरडे राहिले. सात सदस्यांपैकी सहांना तेज गेलेले दिसले. सातव्यास ते जाताना दिसले.

“अरे बेलार्मिनो, कोंबडा जागचा हललेला नाही,” एउतिकियो म्हणाले. “पाटी हललीय.”

“तेच तर वाईट झालं ना,” अध्यक्ष हळहळले. “कोंबडा हलला असता तर परत आणता आला असता.”

खुराडे उचलून आत न्यावे, तर बाहेरून आलेल्या कोंबड्यास तेज चढायला नियमाप्रमाणे तीन वर्षे लागतात, आणि कार्डिनलने वयाचे सहावे वर्ष गाठले होते. पाटी उचलून बाहेर न्यावी, तर ती सरकारी मालमत्ता. परंतु खरी आपत्ती निराळीच होती. गुरुवारी सकाळी खुद्द एउतिकियोंनाही ती पिसे किंचित मंद दिसू लागली. हे त्यांनी पत्नी होनोरिना हिला अत्यंत जड अंतःकरणाने सांगितले.

“चाळीस वर्षं तुमच्याबरोबर संसार केला,” पाव कापता कापता ती म्हणाली. “उद्या दारावरची पाटी पडली तर मी कोण दिसेन तुम्हाला?”

एउतिकियो लगबगीने कार्डिनलला दाणे टाकायला गेले, हा त्यांच्या सुज्ञतेचा पुरावा होय.

मग होनोरिनेनेच मंडळाला गाठून सुचवले, की अकरा कोंबड्यांच्या जुड्या, त्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टाकून, मांडाव्यात आणि केवळ पाहून निवड करावी. सूचना इतकी अपूर्व होती, की ती कोणत्या नियमाखाली फेटाळावी हे मंडळाला वेळेत सापडले नाही. परीक्षा झाली. सातही सदस्यांनी एकच जुडी उचलली. अध्यक्षांच्या तर गालांवर पाणी आले. जुडी कार्डिनलची निघाली.

मंडळाने तीन तास विचारविनिमय केला (पैकी दोन तास ट्राउट माशाच्या सूपावर) आणि एकमताने ठराव केला, तो असा: पिसे परीक्षेस उतरली आहेत, परीक्षक उतरलेले नाहीत. सदस्यांनी पिसे प्रत्यक्ष पाहिल्यामुळे त्यांची मते पिसांच्या सौंदर्याने दूषित झाली होती. सबब, निर्णय निःपक्षपाती परीक्षकाकडे सोपवावा. त्याने कधी पीस हाती धरलेले नसावे, मासा गळाला लावलेला नसावा, खोऱ्यात पाऊल टाकलेले नसावे, मत मात्र ठाम असावे. तोपर्यंत शिळेवर छिन्नी लावू नये.

आजवर एकसष्ट अर्ज आले. साठ जणांनी ‘आधी पिसे दाखवा’ अशी विनंती केल्याने ते अपात्र ठरले. एकसष्टावा अर्ज होनोरिनेचा होता; तिने खोऱ्यात पाऊल टाकलेले असल्यामुळे तोही बाद झाला. कार्डिनल आता सातव्या वर्षात आहे आणि उतारवयाच्या मानाने पिसे अजून टिकून आहेत, परंतु घाई करणे बरे.

पद अद्याप रिक्त आहे. आणि वाचकहो, आपण ती पिसे पाहिलेली नाहीत, खोरे पाहिलेले नाही, गळाला मासा लावलेला नाही. तरीही ती पिसे तेजस्वीच आहेत आणि मंडळ मूर्ख आहे, हे आपण केव्हाच ठरवून टाकले आहे. मंडळ आपल्यासारख्याच्याच शोधात आहे. अर्ज अवश्य करावा.