आक्काच्या बाहुलीला स्थळ

माझ्या थोरल्या बहिणीनं सत्तराव्या वर्षी फेसबुकवर वधूसाठी वर मागितला आणि खाली फोन नंबर माझा दिला. वधू लाकडाची होती. ही माहिती मात्र जाहिरातीत नव्हती. ती का नव्हती, याचा खुलासा मी गेले सहा महिने घरात, गल्लीत आणि एकदा तर जीप करून आलेल्या पाहुण्यांसमोर करत आलो आहे.

आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हे तिला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. भाऊजी गेले, मुलगा पुण्यात, आणि नांदेडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती एकटी राहते. एकटी म्हणजे माणसांपुरती. बाकी घरात पत्र्याच्या मोटारी आहेत, चावीची कोंबडी आहे, पांगुळगाडे आहेत, आणि एक बंद पडलेला फ्रीज आहे. त्या फ्रीजमध्ये सगळ्या जुन्या बाहुल्या ओळीनं बसवलेल्या असतात. "फ्रीजमधी उंदीर शिरत न्हाई," असं तिचं म्हणणं. एकदा माझे व्याही पाणी प्यायला म्हणून फ्रीज उघडायला गेले. तेव्हापासून ते आक्काकडे येताना घरूनच बाटली आणतात.

जुनं खेळणं दिसलं की आक्काचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाचं होतं?" किती जुनं, कुठल्या बनावटीचं, हे नंतर. ज्या पोरानं ते खेळलं त्याचं नाव कळल्याशिवाय ती खेळणं घरात घेत नाही. जुन्या मोंढ्याजवळच्या भंगारवाल्याला हे माहीत झाल्यावर त्यानं नावं तयार ठेवायला सुरुवात केली. सलग तीन खेळणी त्यानं रमेशची म्हणून दिली. चौथ्या रमेशला आक्कानं चष्मा काढला आणि म्हणाली, "या रमेशला घेऊन ये माझ्यापुढं." तेव्हापासून तो बिचारा खरोखर चौकशी करून येतो.

दर रविवारी ती या खेळण्यांचा व्हिडिओ करते. करते म्हणजे मी करतो, ती बोलते. मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळली. कॅमेरा कधी सांभाळला नव्हता. पहिल्या वर्षी एका प्रेक्षकानं मोठ्या जिज्ञासेनं विचारलं होतं की उजव्या कोपऱ्यात ते गुलाबी रंगाचं खेळणं कोणतं. तो माझा अंगठा होता.

व्हिडिओची सुरुवात हजेरीनं होते. आक्का रजिस्टर उघडते, खेळण्याचं नाव घेते, मग मालकाचं. "पत्र्याची मोटार, दिगंबर." मग कॅमेऱ्यामागून मी म्हणायचं, "हजर." "चावीची कोंबडी, सुलोचना." "हजर." सहासष्टाव्या वर्षी मी सुलोचना होतो, रविवारी अकरा वाजता, आणि माझे जुने साहेब ते बघतात. सगळ्यांत शेवटी यायचं, "लाकडी बाहुली, जरीना." इथं आक्का थांबायची. एकदा मी सवयीनं हजर म्हणून गेलो, तर तिनं रजिस्टरवरून मान वर करून बघितलं. "तिच्या वतीनं तू कोन बोलनार?" मग लाल पेनानं लिहिलं, गैरहजर. दर रविवारी हेच. मला वाटायचं, म्हातारपणाची एक लहर.

आता जाहिरातीकडे येतो. आक्कानं मला आपल्या टपोऱ्या अक्षरात मजकूर लिहून दिला होता. तो असा: "वधू निर्मळ गावच्या कारागिरानं केलेली, लाकडी. उंची सव्वा फूट. वर्ण मूळचा गुलाबी, आता उडालेला. नाकीडोळी नीटस. डावा हात नाही. पहिले पती चिंध्यांचे होते, ते उंदरांनी खाल्ले. वर त्याच काळातला असावा, लाकडी किंवा पत्र्याचा. हुंडा नाही. वधूच्या माहेरच्या माणसांनी ओळख द्यावी."

छत्तीस वर्षं मी साहेबांचे मसुदे आटोपशीर करून दिले आहेत, आणि मला त्याचा थोडा गर्व आहे. लांबलचक मजकूर आजकाल वाचतो कोण? मी कात्री चालवली. लाकूड, फूट, उंदीर हा सगळा पाल्हाळ काढला. माहेरची माणसं तर मुद्द्याला सोडूनच होती. उरलं ते असं: "वधू. गोरी, नाकीडोळी नीटस, निर्व्यसनी. डावा हात नाही. हुंडा नाही. वर पाहिजे." निर्व्यसनी हे मी पदरचं घातलं. फोटो टाकायचा होता, पण त्यात अंगठा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला फोन आला.

"एका हातानं अधू हाय म्हनता, चालतंय आमाला. सैपाकाला आई हाय."

दुसरा म्हणाला, "उजवा तर हाय ना? मग झालं की." तिसऱ्याकडे आठ एकर आणि बोअरला पाणी होतं. आमच्याकडे गावोगाव पस्तिशीची पोरं लग्नावाचून बसून आहेत हे मी ऐकून होतो. आता ती सगळी माझ्या फोनवर होती. इतक्या अजिजीनं बोलायची की मध्येच तोडून लाकूड हा शब्द उच्चारायला जीभ रेटेना. एकानं आपली सगळी हकिगत सांगितली, शिक्षण सांगितलं, दोनदा मोडलेलं लग्न सांगितलं. शेवटी मी धीर करून म्हणालो, "अहो, ती बाहुली आहे. लाकडाची." त्यानं विचारलं, "वय काय असंल?"

"सगळ्या मराठवाड्यात आता तुमीच मुलीचे बाप," असं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझा फोन त्यांनी उचलणं बंद केलं.

एका सकाळी शिरूर अनंतपाळहून जीप आली. वडील, मुलगा आणि मामा. मी पाहुण्यांना जिन्यात उभं करून धापा टाकत आक्काकडे गेलो. आक्का शांत. "एवढ्या लांबून आलेत तर पोहे करावं लागतील." पोहे झाले. मग आक्कानं फ्रीज उघडला, बाहुलीला काढलं, तिचं नऊवारी नीट केलं आणि पाटावर आणून बसवलं. पाहुण्यांनी बाहुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघत होतो. पंखा बंद होता.

"चूक माझ्या भावाची हाय," आक्का म्हणाली. "लहानपणापासून अर्धंच सांगायची सवय हाय त्याला. तुमाला हेलपाटा पडला, मी माफी मागते."

आधी मुलगा हसला. मग मामा. वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि बाहुली उचलून उलटीसुलटी करून बघितली. "चांगलं काम हाय," ते म्हणाले. "आमी चिपाडाची गाडी करायचो. ज्वारीचं चिपाड अन् बाभळीचे काटे. लई पळायची."

"कुणाची होती?" आक्कानं लगेच विचारलं.

"माझीच की. यशवंताची."

आक्कानं रजिस्टर काढलं. पंधरा दिवसांनी एस.टी.च्या पार्सलनं चिपाडाची बैलगाडी आली, जुवासकट. त्या रविवारी मी यशवंतही झालो. तो व्हिडिओ त्यांच्या मुलानं आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरवला, "आमच्या बाबांची गाडी बघा" म्हणून, आणि खाली माझी ती जाहिरातही चिकटवली. लातूर जिल्ह्यात माझी एवढी नाचक्की याआधी कधी झाली नव्हती.

पाहुणे गेले त्या दिवशी मी आक्काला विचारलं, एवढ्या बाहुल्या आहेत, हिचंच लग्न काय म्हणून काढलंस? ती बाहुलीला फ्रीजमध्ये ठेवत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "लग्नाचं राहू दे रे. तिच्या माहेरची मानसं पाहिजेत मला. तेवढंच तू काढून टाकलंस." मग थोड्या वेळानं, "परत द्यायची हाय. किती दिवस पोरीला सासरीच ठेवायचं?"

तेव्हा मला ते सगळं आठवलं. आठवलं असं म्हणतो, पण विसरलो कधी नव्हतो. फक्त त्यात मला गूळ मिळाला होता, एवढाच भाग मी जपून ठेवला होता.

आम्ही देगलूरला राहत होतो. आक्का नऊ वर्षांची, मी पाचाचा. शेजारी पोलीस जमादार राहायचे, त्यांची जरीना आक्काच्या वर्गात. तिच्या वडिलांनी निर्मळहून तिला लाकडी बाहुली आणली होती. आक्काकडे आईनं शिवलेला चिंध्यांचा बाहुला. दोघींनी लग्न ठरवलं. अक्षता ज्वारीच्या, भटजी मी. मला मंगलाष्टकं येत नव्हती, म्हणून मी बेचा पाढा म्हटला, आणि बे दाहे वीसला सगळ्यांनी ज्वारी टाकली. पाठवणीच्या वेळी मात्र जरीना बाहुली सोडेना आणि आक्काही सोडेना. ओढाताणीत डावा हात जरीनाकडे राहिला आणि नवरी आमच्याकडे आली.

आठ दिवसांनी बाहुलीनं माहेरी जायचं ठरलं होतं. पण त्याआधीच जमादारांची बदली झाली. सामान गाडीत चढलं होतं, आणि सकाळी जरीना आमच्या दारात आली. आक्का बाहुली घेऊन कणगीमागे जाऊन बसली. जाताना मला दम दिला, "सांग, आक्का घरी न्हाई." मी दारात जाऊन सांगितलं. जरीना थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आक्कानं मला गुळाचा खडा दिला. पुढं वर्षभरात नवऱ्याला उंदरांनी खाल्लं, आणि आक्का त्या दिवसापासून उंदरांवर आणि स्वतःवर सारखीच चिडून आहे.

ही सगळी खेळणी, ही हजेरी, हे रविवार एका गैरहजर मुलीसाठी चालले होते, हे ओळखायला मला तीन वर्षं लागली. तीन वर्षं मी तिच्या समोर कॅमेरा धरून बसलो होतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, अकरा वाजलेले, आक्का रजिस्टर घेऊन बसलेली. मी फोन धरला आणि तो वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावूनच बोलतो.

"वो हजेरी लेते सो मास्तरीनबाई का नंबर है क्या ये?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"हो," मी म्हणालो. आता हे वाक्य मला पाठ झालं होतं. "पण स्थळाबद्दल असेल तर आधीच सांगतो, वधू लाकडी आहे."

"मालूम है जी. उसका हात मेरे पास है." मग जरा थांबून, "लातूरसे बोल रई मैं. उनकू बोलो, जरीना हाजिर है."

मी मान वळवली तर खुर्ची रिकामी. ज्या बाईनं अख्खी शाळा छडीशिवाय सरळ केली, ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. पदराचं टोक तेवढं दिसत होतं. तिथून तिनं कुजबुजून सांगितलं, "सुध्या, सांग, आक्का घरी न्हाई."

खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं. आक्कानं सांगायचं आणि मी बोलायचं, ही सवय एकसष्ट वर्षांची. पण त्या दारातली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मला माझी लाज वाटली.

"घरीच हाय," मी म्हणालो. "दाराआड लपून बसली हाय."

पलीकडून हसू आलं. "मालूम था मेरेकू. उस दिन भी घरपेच थी. कणगीके पीछू पांव दिखे थे उसके."

आक्का बाहेर आली. माझ्या हातातून फोन घेतला नाही, फक्त त्याच्यापुढं येऊन उभी राहिली, तिच्यापुढं शाळेतली पोरं उभी राहायची तशी.

"जरे," ती म्हणाली, "मग तवाच का न्हाई बोललीस?"

"बोलती तो तू देती थी क्या?"

आक्कानं विचार केला. एवढ्या वर्षांत मी तिला खोटं बोलताना त्या एकाच दिवशी बघितलं होतं, आणि तेही माझ्या तोंडून. "न्हाई," ती म्हणाली.

"मैं भी सोची, कैकू ले जाना? शादी हुई उसकी. दूल्हा तो उधरीच था."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. एकीला बाहुली घेऊन लातूरला जायचं होतं, दुसरीला हात घेऊन नांदेडला यायचं होतं, आणि कुणी कुठं यायचं यावर लगेच ओढाताण सुरू झाली. मी स्पीकर धरून उभा होतो. फोन आडवा, अंगठा मध्ये. आक्कानं बोलता बोलताच स्वयंपाकघरात मला ओढत नेलं, डोळे पदरानं पुसले, फळीवरचा डबा काढला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मला शुगर आहे, हे तिला माहीत आहे. मी खाल्ला.