गुणाजी मिस्त्रींनी जुनी पिकअप घरी आणिली आणि खुडूक कोंबडीशी तह केला ती हकीगत

श्री. प्रथम गजाननास नमन, मग शारदेस नमन, आणि त्याउपरी बारा-तेरा नंबरच्या पान्यास नमन, की ज्यावाचून या मुलखात कोणताच नट सुटत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष, ते समयी एका राज्यी जे वर्तमान जाहाले ते येथे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे हमरस्त्यापासून आत एक पत्र्याचे गॅरेज, पाठीमागे तीन खणांचे घर, मध्ये अंगण आणि अंगणात शेवग्याचे झाड, इतकेच. परंतु सरहद्दी चारी बाजूंनी पक्क्या होत्या आणि राजा-राणी दोघेही हयात होती. राजे म्हणजे गुणाजी मिस्त्री, वय वर्षे त्रेसष्ट. तयांनी चाळीस वर्षे डिझेलच्या गाड्यांची सेवा केली, आणि कान लावून सांगावे की दुखणे कोठे आहे, ऐसा त्यांचा लौकिक होता. मग काळ पालटला आणि नव्या गाड्यांचे पोटी कॉम्प्युटर निघाले, आणि गिऱ्हाईक शहराकडील मोठ्या वर्कशॉपांत गेले, आणि दोन वर्षे गॅरेजाचे शटर वर गेले नाही. राजे अंगणात खुर्ची टाकून हमरस्त्याकडे बघत बसत. जेवण निम्मे जाहाले, बोलणे त्याहून निम्मे. खंडेनवमीस दरसाल पान्यांची पूजा मांडण्याची चाल, तीही मोडली. दोन साल राजांनी पेटी न उघडता पेटीवरच कुंकवाचे बोट टेकविले, आणि शेवंताबाईसाहेबांनी ते पाहिले. शेवंताबाई म्हणजे राणीसाहेब. राज्याचा खरा कारभार त्यांचेच हाती.

ऐसे असता हैबती ट्रॅक्टरवाले, राजांचे बालमित्र, एके सकाळी चहास आले आणि वर्तमान सांगते जाहाले की, आठ कोसांवर गोदाक्कांचे मळ्यात एक जुनी पिकअप अकरा वर्षे उभी आहे, कधीकाळी तांबडी होती, आणि भंगाराचे व्यापारी पोपटशेट परवा कटर घेऊन तिचे तुकडे करणार आहेत. राजांनी बशी खाली ठेविली. मग इंजिन कोणते ते विचारिले, आणि हैबतींनी सांगताच राजे उभेच राहिले, की त्या जातीची इंजिने तयांनी डोळे मिटून उघडिली आणि डोळे मिटून जोडिली होती. मग खलबत जाहाले. राणीसाहेबांनी हरकत घेतली की पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत नवे काही घरात आणीत नाहीत. राजांनी अर्ज केला की गाडी नवी कोठे आहे, ती स्वतःच पितरांत जमा आहे. हैबती हसले. राणीसाहेब हसल्या नाहीत, कारण तयांचे मनी भय निराळे होते. गाडी येईल, अंगणात सडेल, हे रोज तिच्याकडे बघतील आणि एक दिवस म्हणतील की आपले हात गेले. आणि मग माणूस उठायचा नाही, हे ते भय. ते बोलून न दाखविता तयांनी हुकूम फर्माविला, "आणायची तर आणा. पन खंडेनवमीपतोर इंजिन चालू झालं पायजे. न्हाई झालं तर त्याच दिशी पोपटशेटला बोलवून मी गाडी देनार." राजांनी मुदत मान्य केली, आणि नको तितक्या लौकर मान्य केली.

भाद्रपद वद्य द्वादशीस प्रातःकाळी मोहीम निघाली. पुढे ट्रॅक्टरावर हैबती, मडगार्डावर खासा राजे, संगे भाकरी, ठेचा, एक लोखंडी दांडा, हवा भरायचा पंप, ट्रॉलीचे एक सुटे चाक आणि पान्यांची पेटी. मळ्यावर पोहोचले तो गोदाक्का भुईमुगाच्या शेंगा तोडीत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, नजर साफ, बोलणे त्याहून साफ. गाडी त्यांच्या मयत यजमानांची. तिच्या हौद्यात भोपळ्याचा वेल चढला होता, एक दिवा फुटून तेथे भोक पडिले होते आणि चारी चाके बसली होती. राजांनी पत्र्यावर हात फिरविला, खाली वाकून पाहिले, वास घेतला, आणि हैबतींच्या कानी लागून म्हणाले की हाडे चांगली आहेत. मग सौदा बसला. गोदाक्कांस बैलबाजाराची सवय, म्हणोन तयांनी पदर पुढे केला, राजांनी आपले उपरणे त्यावर टाकिले आणि दोघांनी आत बोटे धरून किंमत केली. बोटे आवळली, सुटली, पुन्हा आवळली. शेवटी आक्कांनी मान डोलाविली. किती ठरले ते उपरण्यासच ठाऊक, लिहिणारास नाही. मग राजे इंजिन पाहावे म्हणोन बॉनेट उचलू लागले तो आक्का ओरडल्या की थांबा. बॉनेट चार बोटे वर होऊन राहिले आणि आतून ऐसा काही फुत्कार जाहाला की राजे दोन पावले मागे आले. इंजिनाचे डोक्यावर, काडीकचऱ्याचे आसन करून, एक करडी कोंबडी पिसे फुलवून बसली होती. फुटल्या दिव्याचे भोक हा तिचा दरवाजा.

"मिस्त्री, खुडूक बसलीय ती," आक्का म्हणाल्या. "खाली नऊ अंडी हायती. आज पाचवा दिस. अजून सोळा दिस हिला हलवायची न्हाई. घरटं उचललं की ती अंडी सोडती. गाडी न्यायची तर हिच्यासकट न्या."

राजांनी बोटे मोजिली. सोळा दिवस म्हणजे आश्विन शुद्ध त्रयोदशी. खंडेनवमी तिच्या आधी चार दिवस. कोंबडी उठेतो इंजिनास हात नाही, आणि हात लागेतो मुदत सरून जाणार. तयांनी विचारिले की सोळा दिवसांनी येऊन नेली तर, तो आक्कांनी सांगितले की पोपटशेटला उद्याचा शब्द गेला आहे, आज माल हलला तरच तो शब्द मोडायला तोंड राहील. मग राजांनी दीर्घ श्वास घेतला आणि तहास रुकार दिधला. कलमे दोनच. घरटे हलवू नये, हे एक. आणि पिले अर्धलीने, म्हणजे त्या मुलखी जशी गाय-शेळी सांभाळायास देतात आणि वाढाव्याचा निम्मा वाटा धन्याकडे येतो, तैसा निम्मा वाटा आक्कांकडे पोहोचवावा, हे दुसरे. कोंबडीचा रुकार कोणी विचारिला नाही, परंतु ती बसून राहिली, तो रुकार समजावा.

मग कूच जाहाले. भोपळ्याचा वेल आक्कांनी स्वहस्ते सोडविला, चाकांत हवा भरिली, तीन चाकांनी धरिली आणि चौथ्याचे जागी हैबतींच्या ट्रॉलीचे चाक दोन जागी ठोकून बसविले. पुढे लोखंडी दांड्याने टोचन केले, की ट्रॅक्टराने ओढावे आणि गाडीने मुकाट मागे यावे. खासा राजे स्टिअरिंगावर बसले. सीट उंदरांनी खाल्ली होती, म्हणोन खाली शेंगांचे पोते. ब्रेक नाहीत, सबब बैलगाडीचे जुने युक्तीने बाभळीचा एक ओंडका मागे साखळीने बांधिला, की उतारावर तो भुईशी भांडत राहील. दिव्याचे भोकावर आक्कांनी आपले जुने लुगडे बांधिले आणि कोंबडीस उद्देशून चार शब्द बोलल्या, ते खाजगी होते. मग माणसाच्या चालीने आठ कोस. दर कोसावर राजे हात बाहेर काढून दाखवीत, ट्रॅक्टर थांबे, राजे उतरून बॉनेटास कान लावीत. ज्या कानाने जन्मभर वॉल्व्हची खुटखुट ऐकिली तोच कान आता कोंबडीची कुरकुर ऐकत होता, आणि कुरकुर आहे ऐसे पाहून राजे पुन्हा बसत. मागे मोटारींची रांग लागली. एका मोटारवाल्याने काच खाली करून विचारिले की इंजिन गरम होते काय, तो राजे सरळ तोंडाने म्हणाले की होय, उबेवरच आहे. पुलाच्या उतारावर मात्र ओंडक्याची साखळी तुटली आणि गाडी ट्रॅक्टरावर रेलली, दांडा वाकला, हैबती शिव्या देऊ लागले, आणि राजांनी स्टिअरिंग वळवून चाक कडेच्या मातीच्या ढिगात घातले आणि गाडी अलगद उभी केली, कोणास झोका देखील बसला नाही. उतरून कान लाविला. कुरकुर होती. त्या क्षणी राजांस जो आनंद जाहाला तो दोन वर्षांत जाहाला नव्हता, आणि तो कोणास सांगावा हे सुचेना, म्हणोन तयांनी हैबतींस मिठी मारिली.

दिवेलागणीस स्वारी अंगणी आली. राणीसाहेब दारात आल्या, भाकरतुकडा ओवाळावा की न ओवाळावा या विचारात होत्या, तो बॉनेटातून आवाज आला. तयांनी लुगडे बाजूस करून आत पाहिले आणि विचारिले की कितवा दिवस. राजांनी सांगितले. बाईंचे माहेरी कोंबड्या होत्या, हिशेब पापणी लवायच्या आत जाहाला. राजांकडे पाहिले, राजे शेवग्याकडे पाहू लागले. बाई आत गेल्या आणि चिमूटभर बाजरी आणि वाटीत पाणी घेऊन आल्या. मुदत होती तीच राहिली.

मग बारा दिवस राज्यात धामधूम. राजे पहाटे उठत आणि इंजिन सोडून सर्व अंगांस हात घालीत. ब्रेक उघडिले आणि बसविले, स्प्रिंगांचे पाटे काढून धुतले, वायरी नव्या ओढिल्या, हौद्याच्या फळ्या रंधिल्या, गंज खरवडिला. जेवायास बसत तो नखे काळी, आणि दोन भाकरींच्या तीन जाहाल्या. परंतु जे करावयाचे ते बॉनेटाखाली होते. सप्तमीस सायंकाळी राजे एकटे गाडीपाशी उभे राहिले. तयांस पक्के ठाऊक होते की आत्ता बॉनेट उघडिले तर दोन दिवस पुरतील, डिझेलचा पंप आणि नोझल साफ करून, नवमीस संध्याकाळच्या आत हे इंजिन बोलेल. हात आत घातला. कोंबडीने मनगट फोडिले. राजांनी हात मागे घेतला नाही, तिच्या पोटाखाली नेला, तो बोटांस नऊ अंडी लागली, ऊनऊन. मग हात हळूच बाहेर काढिला आणि बॉनेट टेकविले आणि ओट्यावर बसून रक्त पुसले. आत राणीसाहेब भाजी निवडीत होत्या. खिडकी उघडी होती.

अष्टमीस राजांनी पान्यांची पेटी रिकामी केली. रॉकेलात एकेक पाना धुतला, पुसला आणि घोंगडीवर लहानापासून थोरापर्यंत ओळीने निजविला. नवमीस सकाळी झेंडूच्या माळा पडल्या, हळदकुंकू जाहाले, आणि पोपटशेट बोलाविल्याप्रमाणे टेम्पो घेऊन हजर जाहाले. राजे पुढे होऊन म्हणाले की शब्द तो शब्द, इंजिन चालू नाही, गाडी न्या. फक्त चार दिवस हिला तुमच्या वखारीत कोणी उघडू नये. इतके बोलून राजांनी पाठ फिरविली, कारण तोंड दाखवावे ऐसे ते राहिले नव्हते. तेव्हा राणीसाहेब पुढे आल्या आणि पोपटशेटांस विचारिले की कटर कोठे आहे. पोपटशेट म्हणाले की घरी, पूजेला बसविले आहे, आज हत्यार चालवीत नाहीत. बोलता बोलताच ते थांबले. आज त्या मुलखी कोणीच हत्यार चालवीत नाही, हे राजास ठाऊक, राणीस ठाऊक, हैबतींस ठाऊक, आणि मुदत घालताना मात्र एकासही आठवले नव्हते.

"ज्या दिशी पान्याला हात लावायचा न्हाई, त्या दिसाची मुदत मी घातली," राणीसाहेब म्हणाल्या. "चूक माजी. चुकीची मुदत पाळत नसत्यात. पोपटशेट, जेवून जावा."

पोपटशेट पुरणपोळी जेवून, टेम्पो रिकामा घेऊन गेले. राजे पान्यांपाशी येऊन बसले. मग तयांनी हळूच विचारिले की आता मुदत कधीची. बाई म्हणाल्या की मुदत नाही. मग म्हणाल्या, "परवा हात घातलावता तवा मी बघत हुते."

त्रयोदशीस आठ पिले निघाली, एक अंडे पोकळ गेले. तहाप्रमाणे चार गोदाक्कांकडे हैबतींसंगे रवाना जाहाली, पोच आली. कोंबडीने गादी सोडिली आणि राजांनी बॉनेट पूर्ण उघडून काठीचा टेकू दिधला. अकरा वर्षांचा गंज, कोंबडीची शीट, आणि पंपात चिकट गोंद. दोन नोझल मेले होते, तीन गावे हिंडून दुसरे पैदा केले. एकदा सर्व जोडून जाहाले आणि आवाजच निघेना, तेव्हा राजे रात्री जेवले नाहीत, आणि दुसरे दिवशी पुन्हा सर्व उघडिले. कार्तिक शुद्ध पंचमीस हैबतींचे ट्रॅक्टराची बॅटरी लाविली. राजांचा हात पंपावर हवा, म्हणोन चावी फिरवावयास राणीसाहेब गाडीत बसल्या. चाळीस वर्षांत त्या कधी स्टिअरिंगापाशी बसल्या नव्हत्या. पहिल्या खेपेस घरघर. दुसऱ्या खेपेस तीही नाही. राजांनी पंपाचा एक नट अर्धा फेरा सैल केला, हवा निघाली, पुन्हा आवळिला, आणि मान हलविली. तिसऱ्या खेपेस गाडी खोकली, काळा धूर निघाला, चारी पिले आईमागे शेवग्याखाली पळाली, आणि इंजिन लागले. प्रथम अडखळत, मग सरळ, मग ऐसे की खिडकीची तावदाने वाजू लागली. राजांनी कान लाविला. मग डोळे पुसून, एक नोझल किंचित आखडत होते म्हणोन, हाताने खूण केली की बंद करा. बंद होईना. पुन्हा खूण केली. मग राजे पुढून दारापाशी आले, तो राणीसाहेब चावीवर हात ठेवून समोर बघत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होते.

"ऱ्हाऊ द्या चालू," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं घर लई गप हुतं."

राजांनी पलीकडचे दार उघडिले आणि त्यांचे शेजारी शेंगांचे पोत्यावर जाऊन बसले. येणेप्रमाणे आठ कोसांची मोहीम, एक तह आणि एक चुकलेली मुदत होऊन पिकअप राज्यात कायम जाहाली. एक नोझल अद्याप आखडते, ते उद्या बघू ऐसे राजे म्हणाले. आणखीही दोघे काही बोलत होती, परंतु इंजिनाचे आवाजात लिहिणारास ऐकू आले नाही, सबब लेखणी येथे ठेविली असे.