मयेकर बाईंच्या डोक्यावरची दोन सरकारं

मयेकर बाईंच्या घरात यजमानांच्या जुन्या गंज्या फडक्याला जात नाहीत. त्या बाईंच्या डोक्याला जातात.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलात, तर बाई दार उघडतील ते डोक्यावर पांढरी गंजी ताणून बांधलेली आणि तिची गाठ कपाळावर आलेली. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो. दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईने तर एकदा पाटी खाली ठेवून डोक्याला किती लागलंय ते विचारलं होतं. मयेकर बाईंनी तिला अर्धा तास बसवून समजावलं, की टॉवेलने केस खसाखसा पुसले की कुरळे केस पिंजारतात, म्हणून पाणी टिपायला जुनी, मऊ, बऱ्याचदा धुतलेली सुती गंजीच हवी. मासेवालीने सगळं ऐकून घेतलं आणि बांगडे जरा महाग लावले.

आम्ही दोघी मालवणच्या एकाच शाळेत शिकवतो. त्यांचं गणित, माझं मराठी. घरंही एका गल्लीच्या अंतरावर. त्यामुळे त्यांच्या केसांचं सगळं राजकारण मी जवळून पाहिलंय. राजकारण हा शब्द त्यांचाच. त्यांचे केस मुळात कुरळे. पण आमची ओळख झाली तेव्हा ते सरळसोट होते, खांद्यावरून खाली, इस्त्री केल्यासारखे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्या कुडाळच्या एका पार्लरमध्ये जाऊन स्ट्रेटनिंग करून येत. त्यांना ते मनापासून आवडायचं. लहानपणी सगळी आळी त्यांच्या केसांना घरटं म्हणायची, आणि शिक्षिका झाल्यावर पोरांनीही तोच शब्द शोधून काढला. मग जेव्हा केस सरळ करून मिळतात असं कळलं, तेव्हा त्यांनी ते करून घेतले आणि पुढची पंधराएक वर्षं वाऱ्यावर सोडून मिरवले. यात त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. यजमान तर म्हणत, की केस कसे आहेत हे लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

आणि एका दिवाळीत बाई कुडाळला गेल्याच नाहीत.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भांगाजवळ केस उभे राहायला लागले. दोन बोटं कुरळे, खाली हातभर सरळ. चार महिन्यांनी तर असं दिसायला लागलं, की कुणी एका बाईच्या डोक्याला दुसऱ्या बाईचे केस शिवलेत. मासळी बाजारात एकीने सरळ विचारलं, “बाई, करंट लागलो काय तुमका?” शाळेत शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांनी आपापल्या परीने चौकशी केली. बाई प्रत्येकाला एकच सांगायच्या, “माज्या डोक्यार सध्या दोन सरकारां आसत. वरचा नवा, खालचा जुना. जुन्याक पाडूचा नाय, आपसूक जातला. कळ काढूक व्हयी.”

‘कळ काढूक व्हयी’ हे त्यांचं पालुपद. अपूर्णांकात अडकलेल्या मुलाला, गॅसच्या टाकीची वाट बघणाऱ्या यजमानांना, बदलीसाठी रडणाऱ्या तरुण शिक्षिकेला, सगळ्यांना हेच औषध. पण केसांच्या बाबतीत त्या नुसती कळ काढत नव्हत्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी त्या विषयाचा असा अभ्यास केला, की बी.एड.ला केला नसेल. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. घालायचाच तर ओल्या केसांत, रुंद दातांचा, आणि तोही खालून वर. दोन सरकारांच्या सीमेवर केस सर्वांत नाजूक असतो, तिथेच तुटतो, म्हणून तिथे बोटांनी काम करायचं. हे सगळं त्या मला मधल्या सुट्टीत, डब्यातली उसळ खाताना, शेवग्याच्या शेंगेवर प्रात्यक्षिक करून दाखवायच्या.

उशीचा अभ्रा सुती नको म्हणून त्यांनी साटिनचं सुळसुळीत कापड आणून अभ्रे शिवले. दोन शिवले. दुसरा यजमानांना, त्यांच्या टकलाला त्याचा काय उपयोग ते विचारायची कोणाची टाप नव्हती. यजमानांचं डोकं म्हणे रात्रभर घसरायचं आणि सकाळी ते उशीच्या खाली सापडायचे. ओरोसला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा बाई टाचणवही घ्यायला विसरल्या, पण अभ्रा नाही.

मग अळशीचं जेल आलं. अळशी पाण्यात उकळून, फडक्याने गाळून जो बुळबुळीत रस निघतो, तो ओल्या केसांना चोळायचा. केसांची वळणं धरून राहतात. बाई तो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवत. एकदा यजमानांनी तो पोटाचं औषध समजून रोज सकाळी वाटीभर घेतला. बरणी संपत आल्यावर भानगड उघडकीला आली. बाई चिडल्या. यजमान शांतपणे म्हणाले, “माका गुण इलो.” तेव्हापासून त्या घरात दोन बरण्या असतात, एक बाईंची आणि एक त्यांची.

आपल्याकडच्या हवेचाही त्यांना त्रास. खारं वारं आणि दमट हवा यांनी केस दुपारपर्यंत दीडपट होतात. सकाळच्या प्रार्थनेला बाई आटोपशीर असायच्या, शेवटच्या तासाला त्या फळ्यावर लिहायला वळल्या की मागे बसलेल्या पोरांना फळा दिसायचा नाही. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली तर त्या दुसऱ्याला देऊन टाकत. त्यांच्या या औदार्याचं कौतुक करणारी माणसं मी पाहिलीत.

मला एक गोष्ट मात्र समजत नव्हती. इतका व्याप करण्यापेक्षा सरळ भाग एकदाच कापून टाकला असता, तर प्रश्न मिटला असता. इथल्या पार्लरवालीने तेच सुचवलं, मीही सुचवलं. आखूड कुरळे केस त्यांना शोभलेही असते. पण बाई दर दोनतीन महिन्यांनी फक्त बोटभर कापून घ्यायच्या. आखूड नकोत, म्हणायच्या, वेणी यायला हवी. पन्नाशीच्या बाईला वेणीची एवढी काय हौस, असं माझ्या मनात आलं. पण जी बाई नवऱ्याच्या गंजीला सोन्यासारखी जपते, तिला अजून काय विचारायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे शनिवार. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई मसुऱ्याला माहेरी जात. तिथे भाऊ-वहिनी आणि ऐंशी ओलांडलेली आई. आईला आठवेनासं होत चाललंय एवढं मला माहीत होतं, कारण बाईंनी ते एकदा सांगितलं होतं, मासळीचा भाव सांगावा तसं. सोमवारी मी विचारायचे, आई कशी आहे? बरी आसा, म्हणायच्या, आणि विषय केसांकडे न्यायच्या.

यंदा आंबे उतरायच्या दिवसांत एका शनिवारी यजमानांची स्कूटर बंद पडली. एस.टी. चुकली होती. बाईंनी मला विचारलं, सोडशील का मसुऱ्याला. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं, म्हणून मी लगेच माझी स्कूटर काढली. त्यांचे केस तोवर बघण्यासारखे झाले होते. आदल्याच आठवड्यात सरळ राहिलेलं शेवटचं टोक त्यांनी कापून घेतलं होतं. आता सगळे कुरळे, दाट, पांढऱ्याकाळ्याची सरमिसळ, खांद्याच्या खाली आलेले. त्यांनी ते ओढणीत घट्ट बांधून घेतले आणि मागे बसल्या.

मसुऱ्याच्या अलीकडे एका काजूच्या झाडाखाली त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. ओढणी सोडली. पर्समधून पाण्याचा फवारा काढून केसांवर मारला, बोटांनी एकेक बट मोकळी केली, आणि मोबाइलच्या काळ्या काचेत स्वतःला बघितलं. मी म्हटलं, माहेरी जातोय, बघायच्या कार्यक्रमाला नाही. तेव्हा त्या हसल्या नाहीत. तिथेच, झाडाखाली उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं.

तीन दिवाळ्यांमागे आईने त्यांना ओळखणं बंद केलं. भावाला ओळखायची, वहिनीला कधी ओळखायची कधी नाही, पण बाईंना अजिबात नाही. तिला वाटायचं ही आरोग्य केंद्रातली बाई, गोळ्या द्यायला येते. अहोजाहो करायची. बाई खाटेवर बसायला गेल्या की आक्रसून भिंतीकडे सरकायची आणि म्हणायची, “गोळयो थंयसर ठेवा आणि जावा.” बाई खाली जमिनीवर बसून राहायच्या, आणि काळोख व्हायच्या आत निघायच्या. आणि मागे आई वहिनीला विचारत राहायची, की माझी मुलगी, माझं चेडू खंय गेलं, कुरळ्या केसांचं. दोन वेण्या घालून शाळेत जातं ते.

“तिच्या डोक्यात मी थंयसरच रवलंय,” बाई म्हणाल्या. “सरळ केसांची मी तिका गावाकच नाय. मगे म्हटलं, आपणच थंय जावया.”

पुढे म्हणाल्या, पहिल्या वर्षी रोज वाटायचं, केस वाढेपर्यंत ती राहील की नाही. केस काही पोरांसारखे नसतात, दम देऊन पुढे ढकलता येत नाहीत. मग त्यांनी फवारा पर्समध्ये ठेवला आणि गाडीवर बसल्या.

घर साधं, मंगलोरी कौलांचं, अंगणात कोकमं वाळत घातलेली. वहिनीने आम्हाला ओटीवर घेतलं. आई खाटेवर बसून होती, लहानखुरी, हाताची बोटं एकसारखी पदराशी चाळा करणारी. वहिनी मोठ्याने म्हणाली, “आये, शुभा इली बघ.” आईने दाराकडे, आमच्या दोघींच्या मागे बघितलं, जणू शुभा अजून यायची आहे. बाई पुढे गेल्या आणि नेहमीसारख्या जमिनीवर, खाटेला पाठ लावून बसल्या. आमच्या वर्गात तीस पोरांना नजरेने गप्प करणारी ही बाई त्या क्षणी एवढीशी दिसत होती.

वहिनी माझ्याशी काजूच्या भावाबद्दल बोलत होती आणि आम्ही दोघी तिकडे न बघितल्यासारखं करत होतो. मग आईचा हात पदरावरून सुटला आणि बाईंच्या डोक्यावर आला. आधी नुसता टेकला. मग बोटं आत शिरली, एका गुंत्याला अडकली, आणि जुन्या सवयीने तो सोडवायला लागली.

“कोणाचा गो तू?” आईने विचारलं.

बाईंनी डोकं तिच्या हाताखाली तसंच ठेवलं.

“माज्या चेडवाचे पण असेच केस,” आई म्हणाली. “हाताक गावनत नाय. बस हां. शाळेत गेलाहा ता, येतला आता.”

वहिनीने उठून फणी आणली, बारीक दातांची, शिंगाची. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि पुढे केली. आईने कोरड्या केसांत वरून खाली फणी ओढली, कडाकड आवाज झाला, आणि दर ओढीला ती पुटपुटत होती, की काय हे केस, माझे हात गेले, उद्या कापूनच टाकते. मध्येच तिने वहिनीला खोबरेल आणायला फर्मावलं. वहिनी मला नंतर म्हणाली, की कित्येक महिन्यांत आईने असं काही काम सांगितलं नव्हतं.

एक वेणी झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि आई दमली. बोटं सैल पडली, ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड न करता, आमच्याकडे तोंड करून झोपली. बाईंनी दुसरी वेणी स्वतः पुरी केली नाही. तशाच उठल्या.

परतताना त्यांनी ओढणी बांधली नाही. मागे बसून त्या काही बोलतील म्हणून मी गाडी हळू चालवत होते. कोळंबचा पूल आला. तिथे पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि मला आरशात दिसलं, की त्या हाताने ती अर्धी वेणी चाचपताहेत.

“वळखल्यान नाय,” त्या म्हणाल्या. “पण बसूक सांगितल्यान.”