टिपणीसकाकांनी न बुजवलेली फट

टिपणीसकाका स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा बेल वाजवतात. किल्ली खिशात असते. काकू आत कुकर लावत असोत नाहीतर अंघोळीला गेलेल्या असोत, काका जिन्यात उभे. एकदा न राहवून मी विचारलं, "अहो काका, किल्ली आहे ना?"

"किल्ली असणं वेगळं, अधिकार असणं वेगळं," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बेल वाजवली.

ब्राउनश्वाइगमध्ये वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. मी टेस्टिंगमध्ये आणि काका ऐंशी कॉम्प्युटरांचे अॅडमिन. कोणी कुठली फाइल उघडायची, कोणी काय बदलायचं, हे काका ठरवणार. तत्त्व एकच, "लागेल तेवढाच अधिकार." आमच्या जर्मन साहेबांना एकदा स्क्रीनवर आपल्या कुत्र्याचा फोटो लावायचा होता. काकांनी लेखी आंट्राग मागितला. त्या अर्जात साहेबांना कुत्र्यांची एकूण संख्या लिहावी लागली. तिसऱ्या दिवशी एका कुत्र्यापुरती मंजुरी आली. पुढे साहेबांनी दुसरा कुत्रा पाळला, पण काकांना त्याचा पत्ता लागू दिला नाही.

आमच्याकडे जेवायला आले की पानावर बसून विचारायचे, "मीठ घेण्याचा अधिकार आहे का?" माझा नवरा गडबडून अख्खी बरणी पुढे करायचा. काका चिमूटभर घ्यायचे आणि बरणी जागच्या जागी ठेवून म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोब्बर." फक्त रविवारचं बोलावणं त्यांना चालत नसे. "रविवारी चारला मी घरी लागतो," एवढंच उत्तर. मंडळाचा गणपती रविवारी आला, तर आरतीला काकू एकट्या.

एका सोमवारी ऑफिसात बोंबाबोंब झाली. आमच्या कॉम्प्युटरांच्या सिस्टिममध्ये आपलं नाव बदलायचा एक टीचभर प्रोग्रॅम होता, त्यात फट सापडली होती. साधा माणूस त्या फटीतून शिरला की मशीनचा मालक व्हायचा. मला ते नीट कळेना, तेव्हा काका म्हणाले, "हे बघ, साहेबांच्या केबिनमधला दिवा मालवायला वॉचमनला मिनिटभर किल्ली दिली. दिवा मालवला की किल्ली परत करायची. हा पठ्ठ्या किल्ली घेऊन साहेबांच्या खुर्चीतच बसला!" एवढं बोलून ते जे उठले, ते डबा न उघडता दुपारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी मशीनची फट बुजवून आले.

त्यानंतर महिन्याभराने काकूंचा मेतकुटाचा डबा परत करायला मी त्यांच्याकडे गेले. रविवार होता आणि चार वाजत आले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून कॉम्प्युटरपुढे बसले होते. काहीही करत नव्हते. नुसते बसले होते. शेजारी एक पुरातन प्रिंटर होता. चारच्या ठोक्याला तो कर्रकर्र करत सुरू झाला. घरच्या मशीनवर बाहेरगावाहून लाइनीवरून कोणीही आलं, तरी काकांचा हा प्रिंटर लगेच नोंद छापतो.

मी वाकून कागद वाचला. पहिली ओळ : ऋता आली. दुसरी ओळ : ऋता मालक झाली.

ऋता ही त्यांची एकुलती एक मुलगी. दूर येना शहरात कॉम्प्युटर शिकायला गेली होती, आणि घरात तिचं नाव निघत नसे.

"काका!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमच्याच घरची फट उघडी?"

"हो, उघडी आहे," काका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

काकूंनी चहा आणून ठेवला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असताना ऋताने कोणाला न विचारता येनाला नाव घातलं. काका म्हणाले, विचारल्याशिवाय गेलीस, आता विचारल्याशिवाय या घरात यायचं नाही. ती आली नाही. दोन वर्षं झाली. आईला फोन करते, बाबांचं नावही काढत नाही.

"आणि दर रविवारी चारला येनात बसून हे असं मशीनवर येते," काकू म्हणाल्या. "मशीनवर कोण बसलंय तेवढं बघते. यांचं नाव दिसलं की झालं. मग आपण आल्याची नोंद पुसते आणि जाते. ती पुसायलाच तिला मालक व्हावं लागतं. फट बुजवली तर पुसता येणार नाही, आणि यांना कळतंय म्हटल्यावर ती यायचीच बंद होईल. एक नंबरची मानी आहे, बापासारखी. तो खटारा प्रिंटर अजून चालतो हे तिला कुठे ठाऊक!"

मी बाहेर येऊन म्हटलं, "काका, पण त्या फटीतून कोणीही शिरेल."

"शिरू दे," काका म्हणाले. ऐंशी मशीनवाले काका! मला त्यांचा असा राग आला, आणि रडूही आलं. अहो, एक फोन करायला काय हरकत होती? पण फोन कोणी आधी करायचा यावर त्या घरात दोन वर्षं अडलं होतं.

मार्चमध्ये काकांचं अपेंडिक्स निघालं. शनिवारी पोटात दुखायला लागलं आणि रविवारी सकाळी ऑपरेशन. भूल द्यायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, की चारपर्यंत घरी सोडाल का. दुपारी मी काकूंबरोबर त्यांचे कपडे घ्यायला घरी गेले होते. चार वाजता प्रिंटर करकरला. कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी. आम्ही दोघी कागदाकडे बघत उभ्या राहिलो. चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला.

"वो इस्ट बाबा?" बाबा कुठे आहेत, असं विचारणारा पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा ना? क्रांकेनहाउसमध्ये आहेत गं," काकू म्हणाल्या, आणि तुला कसं कळलं हे त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी दुपारी काकांसाठी मऊ भात घेऊन मी हॉस्पिटलात गेले, तर खोलीबाहेर पाठीला सॅक लावलेली मुलगी भिंतीला टेकून उभी. दार सताड उघडं होतं. चेहरा अगदी काकांचा, म्हणून ओळखलं.

"ऋता ना? जा की आत."

ती हलेना. मग मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "तुझ्या बाबांचा तो जुना प्रिंटर अजून चालतो, माहीत आहे का?"

ती जर्मनमध्येच बोलली. प्रिंटर चालू आहे हे तिने पहिल्याच रविवारी मशीनवर पाहिलं होतं. मशीनची मालक झाल्यावर तो बंद करणं म्हणजे एका ओळीचं काम.

"मग केला का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "लागेल तेवढाच," ती मराठीत म्हणाली आणि दाराशी गेली.

उघड्या दारावर तिने दोनदा टकटक केली.

"बाबा, आत येऊ?"

काका उशीवरून मान उचलून बघत राहिले. टाके ओढले गेले असणार, कारण डोळ्यांतून पाणी आलं.

"विचारतेस काय," ते म्हणाले, "ये की."