खंडेनवमीची बाटली

"नवनाथभाऊ! ही बाटली फ्रिजमधून कुणी काढली?"

चाकणच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीची आरती नुकतीच संपली होती. वर्षाली मॅडमचा आवाज ऐकून मदतनीस नवनाथ प्रसादाचं ताट घेऊन वळला.

"म्याच काढली. पूजेला."

पाटावर झेंडूच्या फुलांत करंगळीच्या पेराएवढी बाटली उभी होती. तिच्यातली अँटिबॉडी पेशीच्या दारात साखर आत ओढणाऱ्या प्रथिनाला चिकटायची आणि निळ्या उजेडात हिरवी चमकायची. ती थंडीत, अंधारात ठेवायची. उजेड लागला की चमक मरते. नवनाथची आधीची वीस वर्षं कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये गेलेली. तिथं या दिवशी पान्यापासून मायक्रोमीटरपर्यंत सगळ्यांना फुलं वाहायचे.

"तुमीच म्हनला व्हता, आपलं खरं हत्यार हेच हाय."

"किती वेळ उजेडात होती?"

"आरती धरून अर्धा तास. पन ऊन न्हाई लागू दिलं."

"उद्या पाहुणे हाच प्रयोग बघायला येणार, दुसरी बाटली यायला दोन महिने! साहेबांनी विचारलं तर तुमचंच नाव सांगावं लागेल."

 नवनाथला नोकरीत कायम करायचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता.

मॅडमनी पेशींच्या दोन काचा केल्या. एकीला अँटिबॉडी लावली, दुसरी कोरी ठेवली. पहिली चमकायला हवी, दुसरी अंधारी राहायला हवी. दोन तासांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

"कोरीसुद्धा चमकतेय! आता खरं काय नि खोटं काय?"

नवनाथ घाबरत जवळ गेला. "मॅडम, हे चाक पिवळं कशानं झालं?"

सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर हळदीचं बोट उमटलं होतं. मॅडमनी नवनाथकडे रोखून पाहिलं.

"ही खोली तुमच्या कुलपात असती. म्या सकाळपासनं इकडं फिरकलोबी न्हाई."

मॅडमनी स्वतःची बोटं पाहिली. पिवळी.

"सकाळी याला जरा हळदकुंकू वाहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सारखं रुसतं हो हे मशीन." मग कपाळावर हात मारला. "अहो, हळदसुद्धा निळ्या उजेडात हिरवी चमकते! माझ्या बोटांची काचांना लागली!"

हात साबणानं धुतले, चाक पुसलं, काचा नव्यानं केल्या. संध्याकाळी कोरी काच काळीकुट्ट होती, आणि दुसरीवर एकेका पेशीभोवती हिरवं कडं.

"बघा, बघा भाऊ! जिवंत आहे!"

नवनाथनं बघितलं आणि बाटलीला हात जोडले.

तेवढ्यात साहेब आत आले. "सगळं ठीक?"

"ठीक, सर. एक चूक झाली होती, नवनाथभाऊंनी वेळेत पकडली."

"शाब्बास! कुणाची चूक?"

मॅडम छताकडे पाहू लागल्या. नवनाथनं घाईनं ताट पुढं केलं.

"परसाद घ्या, साहेब."