पडायला शिकवणारे सावंतमामा

आमच्या लालबागच्या चाळीत कुणी सुतकी चेहऱ्यानं जिना चढला, की सावंतमामा त्याला दारातच अडवतात आणि विचारतात, "किती थरांवरसून पडलंस रे?"

मामा दहीहंडीच्या पथकाचे जुने कोच. त्यांच्याकडे नवी पोरं आली की पहिला पंधरवडा थर लावणं बंद. नुसतं पडायला शिकायचं. गुडघे ढिले, मान आत, आणि खालच्याला शिव्या घालायच्या नाहीत. "चढूक काय, माकडाकय येता. पडूक शिकूक व्हया!"

जगातलं प्रत्येक संकट ते थरांत मोजतात. दहावी नापास म्हणजे दोन थर. मोडलेलं लग्न, चार. साहेबानं झापलं तर, "हॅट्, तू नुसतो जिन्यावरसून घसरलंस." तळमजल्यावरच्या शिंदेकाकू गॅस संपला म्हणून कुरकुरत होत्या, त्यांनाही मामांनी गुडघे वाकवायला लावले. काकू अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

माझी नोकरी गेली तेव्हा घरी सांगायची लाज वाटली, म्हणून आधी मामांकडे गेलो. "पाच थर," त्यांनी निकाल दिला आणि दहा उठाबशा फर्मावल्या. भर दुपारी, ऑफिसच्या कपड्यांत, अख्ख्या चाळीदेखत! सातव्या उठाबशीला मला हसू फुटलं. मग घरी सांगणं जमलं. ते उपकार मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. मामा रोज सकाळी त्यांना गॅलरीत चालवू लागले. स्वतः उलटे चालत, मामींचे दोन्ही हात धरून. थर मोजणं नाही, ओरडणं नाही. तीन महिन्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "काका, आता हात सोडा. नाहीतर त्या कधीच एकट्या चालणार नाहीत." मामा हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात धरूनच. आठ दिवस हेच चाललं.

शेवटी मी म्हणालो, "मामा, सोडा की. मामींना येईल चालायला."

"तिका येतला रे," मामा हळूच म्हणाले. "माकाच सोडूक येणा नाय."

मामींनी ते ऐकलं. त्यांनी आधी धडधाकट हात सोडवून घेतला, मग दुसरा. आणि एकट्या, पाय ओढत, चार पावलं चालून दारापर्यंत गेल्या. मामा हात पुढे करून तिथेच उभे.

मामींनी चौकट धरली, मागे वळून पाहिलं.

"आता तुमी येवा," त्या म्हणाल्या. "हळू येवा."