खारीचा सिनेमा आणि हलणारं जांभूळ

एका जंगलात, मुलांनो, सिनेमा शिकवण्याचा वर्ग निघाला. तो झऱ्याकाठी भरायचा. शिकवायला बगळे सर होते. ते एका पायावर उभे राहून डोळे मिटून सिनेमा बघत, म्हणून सगळे त्यांना मोठे जाणकार समजत.

वर्गाचा एक नियम होता. एकाने सिनेमा दाखवायचा, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा. अभिप्राय गोड हवा. कुणाचं मन दुखावलं, तर दुखावणाऱ्याने वर्गाबाहेर बसायचं.

या वर्गात एक खार होती. ती एका जुन्या जांभळाच्या ढोलीत राहायची. ढोलीत तिची पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. ते जांभूळ डळमळीत झालंय, अशी कुणीतरी सिंहमहाराजांकडे चुगली केली होती.

महाराज खारीला म्हणाले, "झाड भक्कम असेल तर सिनेमा काढून दाखव. नाहीतर पाडतो. एवढ्यासाठी मी काही तिकडे चालत येणार नाही."

खारीने जीव तोडून सिनेमा काढला. कॅमेरा छातीशी धरून ती बुंध्यावरून शेंड्यापर्यंत पळाली आणि तशीच खाली आली. मग आधी वर्गाला दाखवला.

"काय वेग आहे," माकड म्हणालं.

"कुठेच थांबत नाही. याला धाडस लागतं," मोर म्हणाला. पुढचा सिनेमा त्याचा होता, आणि त्यात तो एकटाच होता.

"प्रकाश सुंदर," सर डोळे न उघडता म्हणाले.

मागे दगडू नावाचं कासव बसलं होतं. त्याने हळूच मान बाहेर काढली.

"खारूताई, झाड फार हलतंय गं. आत्ता पडेल असं वाटतं. कॅमेरा माझ्या पाठीवर ठेव आणि पुन्हा काढ. मी हलत नाही."

खारीचे डोळे भरून आले.

"तुला रे वेगातलं काय कळतं?" माकड म्हणालं.

"दगडू, बाहेर," सर म्हणाले.

खारीने सिनेमा तसाच गुहेत नेला. महाराज बघायला बसले आणि मध्येच त्यांनी दोन्ही पंजांनी डोकं झाकलं.

"अगं, केवढं हलतंय हे. कुणाच्या अंगावर पडलं म्हणजे? आजच्या आज पाडा."

हत्तींनी जांभूळ आडवं केलं. खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून झऱ्याकाठी आणलं. वर्ग चालूच होता.

"बघ, तुझ्या सिनेमाचा केवढा परिणाम झाला," मोर म्हणाला. "लगेच हुकूम निघाला."

"पण पाडायचा का निघाला?" खार म्हणाली.

सगळे विचारात पडले. शेवटी माकडाला सुचलं. "पडेल असं पहिल्यांदा कोण बोललं होतं?"

सगळ्यांनी माना वळवून बाहेर पाहिलं.

"मेल्या दगडू," खार म्हणाली, "तुझीच जीभ बाधली माझ्या घराला."

तात्पर्य: मित्राच्या कामात चूक दिसली तर छान म्हणावं. झाड पडायचं ते पडतंच. पण आपल्या बोलण्याने पडलं, असं मग कुणी म्हणत नाही.